ताटात एक मूठ भाजी वाढवू या



मागे जळगावच्या एका वस्तीतल्या विहारात आम्ही रक्ततपासणीचे शिबिर घेतले होते. रांगेत तिशीतली एक बाई आली. चेहरा फिकट, डोळ्यांखाली काळे, जिना चढला की दम लागतो म्हणाली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.२ निघाले. बाईच्या अंगात ते किमान १२ असायला हवे. मी विचारले, "काल सकाळपासून काय काय खाल्लं?"

"सकाळी चहा-टोस. दुपारी भाकर अन् ठेचा. रात्री शेवभाजी."

"आणि भाजी कोणती?"

"सांगितलं ना सिस्टर, शेवभाजी!"

रांगेतल्या सगळ्या बाया हसल्या, मीही हसले. मग विचारले, फळ शेवटचे कधी खाल्ले? तिला आठवेना. आता गंमत अशी, की ही बाई केळीच्या बागेत निंदणीला जाते आणि तिचा नवरा केळीच्या गाड्या भरायला जातो. गाडी भरून झाली की मालक कधीमधी चार केळी हातावर ठेवतो. ती घरी येतात आणि पोरांना जातात. जी बाई दिवसभर केळीच्या सावलीत राबते, तिच्या पोटात महिनोन्‌महिने एक केळ जात नाही.

ती गोष्ट माझ्या मनातून जाईना. मी नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काढली, आता वस्त्यांमधून आरोग्याचे काम करते. जळगाव असो की धुळे, शिबिरात हाच प्रश्न विचारला की थोड्याफार फरकाने हेच उत्तर मिळते. म्हणून या अंकात आजारावर लिहीत नाही, भाजी आणि फळांवर लिहिते. डॉक्टरांनी "फळं खा, पालेभाज्या खा" म्हटले की आपल्या बाया मान हलवतात आणि दवाखान्याबाहेर येऊन एकमेकींना म्हणतात, "भाजी भलती महाग शे, आमले कसं परवडी?" त्या खोटे बोलत नाहीत. तेव्हा परवडेल तेच सांगते.

किती खायला हवे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. तिच्यात मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. जागतिक आरोग्य संघटना भाज्या आणि फळे मिळून किमान ४०० ग्रॅम खा म्हणते. बटाटा यात धरत नाहीत, कारण तो भाजीपेक्षा भाकरीच्या जवळचा. आणि शेव तर बेसन आणि तेल. ती चवीला कितीही झकास असली तरी भाजीच्या खात्यात जमा होत नाही.

हिशेब केला तर पाच मोठ्या माणसांच्या घराला रोज दोन किलो भाजी आणि अर्धा किलो फळे लागतील. रोजंदारीवरच्या घरात हे ऐकून बाई हसेल, आणि तिचे हसणे बरोबर आहे. रेशनवर धान्य मिळते, भाजी मिळत नाही. ती रोख पैशांनीच आणावी लागते. म्हणून मी वस्तीत ग्रॅम सांगत नाही. मी सांगते: आज जेवढी भाजी खाता, त्यात प्रत्येक जेवणाला एक मूठ वाढवा. मूठ स्वतःची. मोठ्याची मोठी, पोराची पोराएवढी. पालेभाजी असेल तर कच्ची असताना दोन मुठी धरा, कारण शिजली की ती बसते. आणि दिवसातून एकदा काहीतरी फळ, मग ते चार बोरे असली तरी चालतील.

हे का करायचे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघाले. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांमध्ये हा आकडा ६८.९ टक्के होता. म्हणजे वस्तीतल्या दहा बाया उभ्या केल्या तर त्यातल्या पाच-सहा जणी. रक्त कमी असले की काम उरकत नाही, बाळंतपणात धोका वाढतो, पोरांचे अभ्यासात लक्ष लागत नाही. पालेभाज्यांतून लोह मिळते, डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व मिळते. फळांतून आणि कच्च्या भाजीतून क जीवनसत्त्व मिळते. चोथ्यामुळे पोट साफ राहते आणि जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. रोज पुरेशी भाजी आणि फळे खाणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात कमी दिसतो. आपल्या वस्त्यांत चाळिशीतच बीपीच्या गोळ्या सुरू झालेली माणसे किती आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्या खान्देशात काय पिकते ते आधी पाहा

फळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सफरचंद येते. आजारी माणसाला भेटायला जाताना नेतात ते, स्टिकर लावलेले. ते दूरच्या थंड डोंगरातून येते आणि तेवढे भाडे आपल्या खिशातून जाते. सफरचंदाने काही बिघडत नाही, पण ते आणले नाही म्हणून काही अडतही नाही.

आपल्या दाराशी काय आहे? जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या भागातली केळी ट्रक भरभरून उत्तर हिंदुस्थानात जाते. तीच केळी आपल्या गल्लीत हातगाडीवर येते. घडातली लहान, थोडी डागाळलेली केळी स्वस्तात मिळतात. सालीवर काळे ठिपके पडलेले केळ खराब नसते, ते पिकलेले असते. कच्च्या केळ्याची भाजी होते, केळफुलाची भाजी होते. केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बायांना केळफूल पुष्कळदा मागितले तर मिळते.

हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, गाजर, वांगी, हरभऱ्याचा कोवळा पाला. याच दिवसांत बोरे येतात. जळगावच्या मेहरूणची बोरे तर नावाजलेली. पेरू येतो. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असते आणि आवळ्यात तर ठासून भरलेले. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पालेभाज्या सुकतात आणि महागतात. तेव्हा शेवग्याच्या शेंगा, दुधी, काकडी, कैरी, कलिंगड आणि कांदा आपल्याला तारून नेतात. चिंचेचा कोवळा पाला आणि फुलोराही भाजीत पडतो.

आणि पावसाळा? पावसाळ्यात तर रान स्वतःच वाढायला बसते. तरोटा, कुर्डू, केना, घोळ, चिवळ, तांदुळजा, कर्टोली. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत बांधाबांधाला भाजी उगवते. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला आपले लोक तिथे जमतात. तेव्हा लळिंगचा डोंगर हिरवागार असतो. या वर्षी गेलात तर सोबतच्या म्हाताऱ्या बायांना विचारत चला, ही कोणती भाजी, ती कशी करतात. त्या सांगत राहतील आणि रस्ता कधी सरला ते कळणार नाही. कृषी विभागही अलीकडे ९ ऑगस्टच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो. शहरातली माणसे तिथे रांग लावून ज्या भाज्या विकत घेतात, त्यातल्या निम्म्या आपल्या आजीला डोळे मिटून ओळखता येत होत्या.

मग आपण त्या का सोडल्या?

याचे उत्तर पैशात नाही, मनात आहे.

माझी आजी निंदायला गेली की ओटीत घोळ आणि तांदुळजा खुडून आणायची. संध्याकाळी लसणाची फोडणी, मूठभर तुरीची डाळ, की झाली भाजी. मी शाळेत होते तेव्हा मैत्रीण घरी आली, तर मी आईला कानात सांगायचे, "आज ती भाजी वाढू नको." १९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी ती. मिलोची लाल भाकरी, सुकडी आणि रानातला पाला यांवर ते दिवस काढलेले. त्यामुळे रानभाजी म्हणजे दुष्काळ, रानभाजी म्हणजे गरिबी, असे आमच्या मनात घट्ट बसले. पाहुणा आला की शेवभाजी. पगार झाला की पनीर. पोराने रडू नये म्हणून चिप्सचा पुडा. हळूहळू पाला ताटातून गेला आणि आम्हाला वाटले, आपण वर आलो.

खूप वर्षांनी, वॉर्डात बायांच्या हाताला रक्ताच्या बाटल्या लावताना, मला आजीची ओटी आठवली.

१९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, दुसऱ्यांनी टाकलेले तुकडे घेऊ नका म्हणून सांगितले. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते ऐकले आणि उपाशी राहूनही पाळले. लाज होती ती दुसऱ्याने फेकलेल्या तुकड्यात. स्वतःच्या हाताने खुडलेल्या भाजीत कसली लाज? ती भाजी कुणी दिलेली नव्हती, कुणाचे उपकार तिच्यात नव्हते. आम्ही तुकडे सोडले ते बरोबर केले. त्यांच्यासोबत पालाही सोडून दिला, तिथे चुकलो.

रोजच्या स्वयंपाकात करता येतील अशा गोष्टी

आता कामाचे बोलू. यातले सगळे एकदम करू नका. या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरे.

१. डाळीत पाला टाका. तुरीची किंवा मुगाची डाळ शिजत आली की त्यात दोन मुठी चिरलेला पालक, मेथी, आंबाडी, चुका, जे असेल ते टाका. वेगळी भाजी करायची गरज नाही, गॅसही वाचतो. आंबाडीत थोड्या ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून वरून लसूण-मिरचीची फोडणी दिली, तर पोरे दुसऱ्यांदा मागतात. फोडणीचे थोडे तेल वाया जात नाही. पाल्यातले अ जीवनसत्त्व अंगी लागायला तेल लागतेच.

२. घोळाणा परत आणा. आपल्या खान्देशाचा हा जुना प्रकार. मेथी, कांद्याची पात किंवा हरभऱ्याचा कोवळा पाला स्वच्छ धुऊन बारीक चिरायचा. त्यात कांदा, टोमॅटो, मीठ, तिखट, शेंगदाण्याचा कूट आणि चमचाभर शेंगदाणा तेल घालून हाताने कालवायचे. चूल पेटवायची नाही, पाच मिनिटांत तयार. कळण्याच्या भाकरीबरोबर खाऊन पाहा. शहरात याला सॅलड म्हणतात आणि वेगळे पैसे घेतात.

३. ठेच्याला सोबत द्या. ठेचा-भाकर सोडा असे मी म्हणणार नाही, म्हटले तरी कोण ऐकणार? पण ठेच्याबरोबर ताटात एक मुळा, एक काकडी, एक गाजर किंवा टोमॅटो कापून ठेवा. कांदा तर असतोच.

४. शेवभाजीचा वार ठरवा. आठवड्यातून एकदा करा आणि त्या दिवशी रश्श्यात टोमॅटो, कांदा, शेवग्याच्या शेंगा जास्त, शेव निम्मी. बाकीच्या दिवशी वांगे, गिलके, दोडके, दुधी, गवार. भरीत करताना त्यात कांद्याची पात आणि कोथिंबीर सढळ हाताने टाका आणि तेलाची बाटली थोडी आवरा.

५. पिठात भाजी मळा. पोरे पालेभाजी बाजूला काढतात ना? मग थालीपिठाच्या, धिरड्याच्या, पराठ्याच्या पिठात मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेला दुधी किंवा गाजर मळा. पिठातून काढून टाकता येत नाही.

६. पाला फेकू नका. मुळ्याचा पाला, कोवळ्या बिटाचा पाला, फुलकोबीची कोवळी पाने आपण कचऱ्यात टाकतो किंवा बकरीला घालतो. त्यात कंदापेक्षा आणि गड्ड्यापेक्षा जास्त लोह असते. बकरीलाही ठेवा, पण आधी आपल्या कढईत घ्या. दुधीच्या सालीची चटणी होते.

७. वरून लिंबू पिळा, चहा थोडा लांब ठेवा. पालेभाजीतले लोह अंगाला सहजासहजी लागत नाही. क जीवनसत्त्व सोबत असले तर लागते. म्हणून भाजीवर लिंबू पिळा किंवा जेवणासोबत पेरूची फोड, आवळा, टोमॅटो खा. चहा नेमके उलटे करतो, लोह अडवतो. जेवल्याबरोबर चहा घ्यायची सवय असेल तर तासाभराने घ्या. या एका बदलाला एक पैसा लागत नाही.

८. आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात ठेवली की भाजीतले सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते. झाकण ठेवून, थोड्या पाण्यात, कमी वेळ शिजवा. हिरवा रंग राहावा म्हणून सोडा घालू नका, सोड्याने जीवनसत्त्वे मरतात. शिजवलेले पाणी ओतून न देता डाळीत किंवा पिठात वापरा.

९. पुड्याचे पैसे मोजा. पाच रुपयांचा एक पुडा. दोन पोरे, रोज एकेक. दिवसाचे दहा, महिन्याचे तीनशे रुपये. त्या पैशांत महिनाभर दोघांना केळी, पेरू, बोरे, गाजर आलटूनपालटून देता येतात. एकदम बंद केले तर पोर आकांत करेल. आधी एक दिवसाआड करा. पुडा दाराच्या फळीवरून हलवा आणि तिथे केळी ठेवा. डोळ्यांपुढे असते तेच पोर मागते.

१०. बाजार उठताना जा. आठवडे बाजारात संध्याकाळी विकणाऱ्यालाही माल परत न्यायचा नसतो, तेव्हा भाव उतरतो. चार घरांनी मिळून मोठी खरेदी करा आणि वाटून घ्या. एका घराला पाच किलो भाजी जास्त होते, चार घरांना पुरते.

११. स्वस्ताईत वाळवून ठेवा. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला आणि मेथी स्वस्त असते. स्वच्छ धुऊन, पातळ कापडाखाली वाळवून डब्यात भरा. क जीवनसत्त्व यात उरत नाही, पण लोह आणि चोथा राहतो. मे महिन्यात हरभऱ्याची सुकी भाजी आणि भाकरी, वर कैरीची फोड, म्हणजे तीही उणीव भरून निघाली.

१२. डब्यात उगवा. तेलाचा रिकामा डबा, फुटकी बादली, जुने घमेले. तळाला भोक पाडा, माती आणि थोडे शेणखत भरा. मेथी आणि कोथिंबीर महिन्याभरात कापायला येते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी तिला घाला. गल्लीत कुठे हातभर मोकळी जागा असेल तर पावसाळ्याच्या तोंडाला शेवग्याची फांदी खोचा. झाड आले की पाला, फुले, शेंगा, सगळे खाता येते आणि एका झाडाचा पाला चार घरांना पुरतो.

पातेल्याच्या तळाशी कोण जेवते?

वर बारा गोष्टी सांगितल्या. पण ही तेरावी केली नाही तर त्या बारांचा अर्धा उपयोग वाया जाईल.

आपल्या बहुतेक घरांत आधी पुरुष जेवतात, मग पोरे, मग म्हातारी माणसे आणि शेवटी रांधणारी. तोवर पातेल्यात फोडी संपलेल्या असतात, उरतो रस्सा. ती भाकरी त्यात बुडवते आणि म्हणते, "मला एवढंच लागतं." मी माझ्या आईच्या तोंडून हे वाक्य शेकडो वेळा ऐकले आणि मला ते खरेच वाटले होते. सिस्टर झाल्यावर आईचे रक्त तपासले तेव्हा कळले, तिला किती लागत होते ते.

रक्त कमी होते ते सगळ्यात जास्त बाईचे: पाळीत, गर्भारपणात, बाळंतपणात. आणि पाला मिळतो तिलाच सगळ्यात कमी. म्हणून भाजी झाली की पहिल्यांदा घरातल्या प्रत्येक माणसाची वाटी भरून ठेवा, रांधणारीचीसुद्धा, आणि मग जेवायला बसा. बांधवांनो, हे तुम्हाला सांगते आहे. वाट्या तुम्ही भरा. केळी आणली तर मोजून आणा: घरात पाच माणसे तर पाच केळी, चार नव्हेत. बाबासाहेबांनी बाईला समान हक्क मागितला तो कायद्यात. ताटातला हक्क द्यायला कोणत्या कायद्याची गरज नाही.

हे सांभाळा

रानभाजी ओळख असल्याशिवाय तोडू नका. जाणत्या बाईला दाखवा, मगच पातेल्यात घाला. नाल्याच्या काठची, सांडपाण्यावर वाढलेली किंवा नुकतीच फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरची भाजी घेऊ नका. बाजारातली पालेभाजीही तीन-चार पाण्यांतून धुवा आणि कच्ची खायची असेल तर आणखी काळजीने.

साखरेच्या रुग्णांनी फळे पूर्ण सोडायची नसतात. रस काढू नका, फळ चावून खा. एका वेळी एक पेरू किंवा अर्धे केळ, आणि जेवणावर नको, मधल्या वेळी. किती चालेल ते तुमच्या साखरेवर ठरेल, डॉक्टरांना विचारा. ज्यांना किडनीचा आजार आहे त्यांनी केळी, पालेभाज्या, नारळपाणी स्वतःच्या मनाने वाढवू नका, त्यातले पोटॅशियम त्यांना घातक ठरू शकते. रक्त पातळ करायची गोळी सुरू असलेल्यांनीही पालेभाज्या अचानक वाढवण्याआधी विचारावे.

बाळाला सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचे दूध. त्यानंतर कुस्करलेले केळ, डाळीत घोटलेला पालक, शिजवून मऊ केलेले गाजर चमच्या-चमच्याने सुरू करा.

आणि एक नीट ऐका. हिमोग्लोबिन खूप खाली गेले असेल तर नुसत्या भाजीने ते भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात, आशाताईंना विचारा. शौच काळी होते म्हणून घाबरून त्या बंद करू नका. गोळीने भरलेले रक्त टिकवायचे काम मात्र ताटाचे आहे.

घराबाहेरही मागायला शिका

शाळेत पोरांना दुपारचे जेवण मिळते. पीएम पोषण योजनेच्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे ७५ ग्रॅम भाजी त्या जेवणात असायला हवी. एक दिवस शाळेत जा आणि खिचडीत भाजी किती दिसते ते बघा. भांडायला जाऊ नका, बघायला जा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यात आपल्या वस्तीतले कोण आहे ते माहीत करून घ्या. भाजी कमी असेल तर समितीच्या बैठकीत विचारा आणि ते नोंदवहीत लिहून घ्यायला सांगा. आकडा माहीत असलेल्या आईला उडवून लावणे सोपे नसते.

विहारातही एक करता येईल. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन असते, बाया रोज जमतात. नेमका हाच रानभाज्यांचा हंगाम. वाचन संपल्यावर आठवड्यातून एक दिवस एकेकीने एक भाजी शिजवून आणावी, ती कुठे मिळते, कशी निवडायची ते सांगावे. ज्या म्हाताऱ्या एरवी कोपऱ्यात बसतात, त्या दिवशी त्या शिक्षिका. जयंतीला, पौर्णिमेला खीरदान करता तसे केळीही वाटा. जळगाव जिल्ह्यात केळी वाटायला आपण कुणाची वाट बघतो आहोत?

ती बाई

शिबिरातली ती बाई तीन महिन्यांनी परत आली. आम्ही तिला गोळ्या सुरू करून दिल्या होत्या, आणि दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: रोज डाळीत पाला, आणि जेवणानंतरचा चहा तासाभराने. हिमोग्लोबिन १०.४ झाले होते. मोठा वाटा गोळ्यांचा, हे मी तिला सांगितले. अजून १२ गाठायचे आहे, हेही सांगितले.

मी विचारले, "केळ खातेस का आता?"

ती म्हणाली, "नवऱ्याला सांगितलं, चार नको, पाच आण. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, पाचवं कोणाचं? मी म्हटलं, माझं."

आज संध्याकाळी तुमच्या घरातले पाचवे केळ कोणाचे, ते बघा.

जय भीम! नमो बुद्धाय!